भाकरीवाचून मटण

धान्य, कडधान्य, भाजीपाला, फळे आणि साखर हे सर्व वर्ज्य करून केवळ मांस, मासे, अंडी आणि फार तर तूप-लोणी एवढ्यावरच राहण्याची जी आहारपद्धती अलीकडे 'कार्निव्होर डाएट' या नावाने जगभर चर्चेत आली आहे, तिला मराठीत निव्वळ मांसाहार असे म्हणता येईल. अमेरिकेतील अस्थिरोगतज्ज्ञ शॉन बेकर यांचे या विषयावरील पुस्तक २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि वजन, मधुमेह, सांधेदुखी अशा तक्रारींनी गांजलेल्या अनेकांना या पद्धतीची ओळख डॉक्टरांकडून नव्हे, तर मोबाइलच्या पडद्यावरून झाली. असा आहार धरणारा माणूस कोठेही विरळाच असतो आणि म्हणूनच त्याला टीकेला तोंड द्यावे लागते. मात्र ती टीका नेमकी कशावर होते, हे प्रदेशाप्रदेशाने बदलते. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर आणि दौंड या तालुक्यांचा इतिहास आणि तेथील जेवणाची रीत ध्यानात घेतली, तर या टीकेचे स्वरूप पाश्चात्त्य देशांतील टीकेहून बरेच वेगळे असल्याचे दिसते.

मांस खाणे ही गोष्ट या पट्ट्यात मुळात नवलाची नाही. नमुना नोंदणी पद्धतीच्या २०१४ च्या पायाभूत पाहणीत, पंधरा वर्षांवरील लोकसंख्येत महाराष्ट्रातील सुमारे ६० टक्के लोक मांसाहारी आढळले होते, आणि भीमा-घोड खोऱ्यातील गावांत तर जत्रेचा बोकड, आखाडातील कोंबडा आणि पाहुणचाराचा रस्सा हे सामाजिक व्यवहाराचे भागच आहेत. त्यामुळे निव्वळ मांसाहार करणाऱ्याला नावे ठेवणाऱ्यांत शाकाहारी माणसांइतकेच, किंबहुना त्यांच्याहून अधिक, मटण आवडीने खाणारे लोक असतात. त्यांचा आक्षेप मांसावर नसतो. भाकरी सोडण्यावर असतो, आणि वार न पाळण्यावर असतो. या दोन गोष्टी नीट उलगडल्याखेरीज ही टीका समजत नाही आणि तिला उत्तरही देता येत नाही.

येथील भाकरीचे मूळ फार मागे जाते. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी असलेल्या इनामगाव येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले आणि हसमुख सांकलिया, मधुकर ढवळीकर व झैनुद्दीन अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या या कामातून ताम्रपाषाण काळातील, म्हणजे दगडी हत्यारांबरोबर तांबेही वापरले जाऊ लागले त्या काळातील, शेतकऱ्यांची एक संपूर्ण वसाहत उजेडात आली. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात तेथे राहणारे लोक जव, गहू, मसूर, कुळीथ अशी पिके घेत होते आणि त्याच वेळी गाय-बैल, शेळ्या-मेंढ्या तसेच शिकारीत मिळालेली हरणे खात होते. भाजल्याच्या आणि कापल्याच्या खुणा असलेली हाडे त्याची साक्ष देतात. वसाहतीच्या शेवटच्या टप्प्यात, इसवी सनापूर्वी १००० नंतर, ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेती आक्रसली आणि लोकांचा भर पशुपालन व शिकार यांवर वाढला, असे ढवळीकरांचे प्रतिपादन होते आणि त्याचे कारण त्यांनी कोरड्या पडत गेलेल्या हवामानात शोधले. हे स्पष्टीकरण पुढे सर्वांनीच मान्य केले असे नाही, आणि ग्वेन रॉबिन्स शुग यांनी तेथील बालकांच्या अस्थींच्या अभ्यासावरून त्याबद्दल वेगळे प्रश्न उपस्थित केले आहेत. तरीही एवढे खरे, की या भूमीत मांसावरचा भर वाढल्याचा जो सर्वांत जुना काळ सांगितला जातो, तो समृद्धीचा नव्हे, तर ओढग्रस्तीचा काळ म्हणून सांगितला जातो, आणि त्याही काळात धान्य ताटातून पूर्णपणे गेले नव्हते.

पुढील काळातही चित्र फारसे वेगळे नव्हते. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येणाऱ्या, म्हणजे डोंगरामुळे पावसाचे ढग अडल्याने कोरड्या राहणाऱ्या या माळरानावर बाजरी आणि ज्वारी पिकते आणि पिकाहूनही शेळी-मेंढी अधिक भरवशाने जगते. कालव्यांचे पाणी आणि ऊस येण्यापूर्वी मेंढपाळांचे कळप ही येथील फिरती संपत्ती होती. मात्र जनावर हे भांडवल असल्याने ते रोज कापून खाणे मेंढपाळाला परवडणारे नव्हते. दूध, लोकर, शेतात कळप बसवून मिळणारे धान्य आणि बाजारात विकलेला बोकड यांवर त्याचा संसार चालत असे आणि मांस ताटात येई ते देवाच्या नवसाला, जत्रेला, जावळाला किंवा एखादे जनावर अपघाताने दगावले म्हणून. धनगराचे नाव घेताच ज्यांच्या डोळ्यांसमोर मटणाचे पातेले येते, त्यांना हे कदाचित पटणार नाही, पण कळपावर जगणारा माणूसही खाण्याच्या बाबतीत भाकरीवरच जगत आला आहे. मटण हे कालवण, आणि कालवण कितीही झणझणीत असले तरी ते भाकरी चुरून खाण्यासाठी असते. म्हणूनच पानातील भाकरी बाजूला सारून केवळ मटणाचे तुकडे वेचणारा माणूस घरातील वडीलधाऱ्यांना आजारी तरी वाटतो किंवा माजलेला तरी. 'पोटात अन्नाचा कण नाही' हे वाक्य अर्धा किलो मटण खाऊन उठलेल्या मुलाबद्दल आई अगदी गंभीरपणे बोलू शकते आणि तिच्या दृष्टीने त्यात कोणतीही विसंगती नसते.

दुसरी गोष्ट वारांची. मराठी मांसाहार हा पंचांगाने बांधलेला आहे. सोमवार, गुरुवार, शनिवार यांपैकी घराण्याच्या देवाप्रमाणे एक वा अधिक वार, एकादशी, चतुर्थी, संपूर्ण श्रावण, पुढे गणपती आणि नवरात्र असे दिवस वगळले की मांस खाण्यास मोकळे दिवस उरतात, आणि श्रावणापूर्वीच्या आखाडात ते मोकळेपण साजरेही केले जाते. शिरूर तालुक्यातील रांजणगाव हे अष्टविनायकांपैकी एक असल्याने चतुर्थीचे महत्त्व या भागात विशेष आहे; संत तुकारामांच्या पालखीचा मार्ग दौंड तालुक्यातील यवत आणि वरवंड येथून जातो आणि यवतच्या मुक्कामी वारकऱ्यांना वाढली जाणारी पिठलं-भाकरी प्रसिद्धच आहे. वारकरी संप्रदायात गळ्यात तुळशीची माळ घालणाऱ्या माणसाला, म्हणजे माळकऱ्याला, मांस कायमचे वर्ज्य असते. त्यामुळे एकाच घरात आजी किंवा वडील माळकरी आणि धाकटी पिढी खाणारी असा प्रकार सर्रास आढळतो आणि त्यातून घराघरांनी आपापली तडजोड काढलेली असते: मटणाची भांडी वेगळी, चूल परसात किंवा अंगणात आणि शिजवायला बहुधा पुरुषमंडळी. ही तडजोड टिकते ती मांस अधूनमधून शिजते म्हणून. रोज सकाळ-संध्याकाळ मांसच खाणारा माणूस घरात आला की परसातील चूल पुरत नाही, वेगळी भांडी रोजचीच होतात आणि एकादशीच्या दिवशीही फोडणीचा वास ओसरीवर येतो. येथे दुखावली जाते ती माळकऱ्याची श्रद्धा, आणि तिच्याबरोबर घरातील सर्वांनी मिळून सांभाळलेला एक तोलही बिघडतो. या टीकेला केवळ अंधश्रद्धा म्हणून उडवून लावणे अन्यायाचे होईल.

याहून कठोर अशी टीकेची तिसरी परंपरा आहे आणि ती जातीशी जोडलेली आहे. मांस सोडणे हे प्रतिष्ठेचे आणि खाणे हे हलकेपणाचे, ही उतरंड भारतीय समाजात इतकी मुरलेली आहे, की खालच्या मानल्या गेलेल्या जातींनी वरच्या जातींच्या चालीरीती उचलून आपला दर्जा वाढवण्याच्या प्रक्रियेला समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी १९५२ मध्ये 'संस्कृतीकरण' असे नाव दिले, तेव्हा मांसाहाराचा त्याग हे तिचे एक ठळक लक्षण ठरले. वारकऱ्यांची माळ ही भूतदयेतून आलेली असल्याने तिला या खात्यात घालणे बरोबर नाही, पण बाहेरून दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात आणि त्यामुळे त्यांची गल्लत होते. उतरंडीच्या तळाशी मृत जनावराचे मांस खाण्याची सक्ती होती. गावातले मेलेले ढोर ओढून नेण्याचे काम ज्यांच्यावर लादले गेले, त्यांच्याच वाट्याला ते मांस आले. ते वाळवून केलेल्या चान्या भुकेच्या दिवसांत उपयोगी पडत आणि तेच मांस त्यांच्या अस्पृश्यतेचे कारण म्हणूनही दाखवले जाई. शिरूर तालुक्यातील कोरेगाव भीमाजवळील विजयस्तंभाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १ जानेवारी १९२७ रोजी भेट दिली आणि त्याच वर्षी मार्चमध्ये महाड येथील परिषदेत मृतमांस सोडण्याचे आवाहन केले. ते आवाहन शाकाहाराचे नव्हते, लादलेल्या अन्नाला नकार देण्याचे होते. हा फरक ज्यांच्या ध्यानात राहत नाही, ते आंबेडकरांना नकळत मांसाहारविरोधकांच्या रांगेत उभे करतात. या इतिहासामुळे 'काय रे, नुसते मांसच खातोस?' हा प्रश्न कोणत्या घरातल्या माणसाला विचारला जातो यावर त्याचा अर्थ ठरतो. सधन बागायतदाराच्या मुलाला तो गमतीने विचारला जातो, तर पारधी वस्तीवरील माणसाला त्याच प्रश्नात शिकार, चोरी आणि संशय ऐकू येतो, कारण फासे लावून तितर, लावे आणि ससे धरण्यावर जगणाऱ्या त्याच्या पूर्वजांना इंग्रजी कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवले होते आणि १९५२ मध्ये तो शिक्का कागदावरून पुसला गेला तरी लोकांच्या मनातून गेलेला नाही.

अन्नावरून होणारी टीका नेहमी मांस खाणाऱ्यावरच होते असेही नाही, आणि त्याचे उत्तम उदाहरण दौंड तालुक्यातच सापडते. केडगाव येथे मुक्ती मिशन उभारणाऱ्या पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहिल्या आणि तेथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला, परंतु धर्म बदलला तरी त्यांनी मांस किंवा अंडी घातलेले पदार्थ खाण्यास नकार दिला. त्यांच्या गुरुस्थानी असलेल्या सिस्टर जेराल्डीन यांना यात जातीचा अभिमान दिसला आणि त्यांनी तसे पत्रांतून सुचवले; रमाबाईंनीही पत्रांतूनच, आपण पूर्वजांच्या चालीरीती जमेल तितक्या पाळतो आणि त्याचा श्रद्धेशी विरोध नाही, अशी भूमिका ठामपणे मांडली. हा पत्रव्यवहार अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. रमाबाईंचे अन्न आणि आजच्या निव्वळ मांसाहाऱ्याचे अन्न ही दोन टोके आहेत, पण दोन्हीकडे टीकाकाराची रीत एकच आहे: ताटात जे नाही त्यावरून तो माणसाच्या मनातील हेतू वाचू लागतो. रमाबाई नाकारत होत्या पुडिंग. जेराल्डीनबाईंना त्यात हिंदू धर्म दिसत होता.

कोणते मांस खाता येईल याची एक मर्यादा कायद्यानेही आखून दिली आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबरच बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे आणि मुंबई उच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये ती बंदी कायम ठेवली. मात्र राज्याबाहेर कायदेशीरपणे कापलेल्या जनावराचे मांस केवळ जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम न्यायमूर्ती अभय ओक आणि सुरेश गुप्ते यांच्या खंडपीठाने खासगीपणाच्या हक्काचा भंग म्हणून रद्द केले. निव्वळ मांसाहाराची पाश्चात्त्य पुस्तके बहुतांशी गोमांसावर आधारलेली असल्याने येथील अनुयायाला शेळी-मेंढीचे मटण, कोंबडी, अंडी आणि उजनी धरणाच्या फुगवट्यातील मासे यांवरच भागवावे लागते, आणि नेमका येथूनच वैद्यकीय आक्षेपांचा भाग सुरू होतो.

या आक्षेपांना उत्तर देताना निव्वळ मांसाहाराचे समर्थक १९२८ च्या एका प्रयोगाचा दाखला देतात. इन्युइट लोकांमध्ये वर्षानुवर्षे राहिलेले संशोधक-प्रवासी विल्यालमुर स्टेफान्सन आणि त्यांचे सहकारी कार्स्टन अँडरसन हे न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात वैद्यकीय देखरेखीखाली आले आणि त्यांनी वर्षभर केवळ मांसावर राहून दाखवले. त्यांना स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने हिरड्यांतून रक्त येण्याचा रोग, झाला नाही; ताज्या आणि फार न शिजवलेल्या मांसात हे जीवनसत्त्व थोडे असते. मात्र या प्रयोगातील एक तपशील क्वचितच सांगितला जातो. सुरुवातीला स्टेफान्सन यांना मुद्दाम चरबीविरहित मांस देण्यात आले, तेव्हा दोन-तीन दिवसांतच त्यांना मळमळ आणि जुलाब सुरू झाले आणि चरबी मिळताच ते बरे झाले. प्रथिनांतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या साधारण एक-तृतीयांशाच्या फार पुढे गेली, की यकृताला ती पेलत नाही. आता शेळीच्या चरबी काढलेल्या मटणाचा हिशेब पाहू: शंभर ग्रॅममध्ये सुमारे ११० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने. दिवसाच्या दोन हजार कॅलरी केवळ त्यातून भरायच्या तर पावणेदोन किलोहून अधिक मटण लागेल, त्यातून साडेतीनशे ग्रॅमहून अधिक प्रथिने पोटात जातील आणि खाटकाचे बिल रोज हजार रुपयांच्या पुढे जाईल. म्हणजे आर्क्टिकमधील सीलच्या चरबीवर चालणारा आहार माळरानावरील बोकडावर जसाच्या तसा चालत नाही. त्याला तुपाची, अंड्यांची आणि चरबीची जोड द्यावीच लागते.

चरबी वाढवली की दुसरा प्रश्न येतो. हार्वर्डशी संबंधित संशोधकांनी २०२१ मध्ये हा आहार घेणाऱ्या २,०२९ जणांची पाहणी प्रसिद्ध केली, त्यात बहुतेकांनी समाधान आणि प्रकृतीत सुधारणा नोंदवली, परंतु ज्यांनी रक्ताचे आकडे दिले त्यांचे एलडीएल, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या भिंतीत साचू शकणारे कोलेस्टेरॉल, डेसिलिटरमागे १७२ मिलिग्रॅमच्या आसपास होते, तर सामान्यतः ते शंभरच्या आत असावे असे मानले जाते. ही माहिती लोकांनी स्वतः सांगितलेली होती, आणि ज्यांना हा आहार सोसला नाही ते अशा पाहणीत सहसा उरतच नाहीत. भारतीयांना हृदयविकार तुलनेने कमी वयात गाठतो, हे ध्यानात घेता हा आक्षेप गंभीर आहे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने डॉक्टरांना न सांगता एकदम धान्य बंद केले, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. गाउट, म्हणजे युरिक आम्ल साचून होणारा सांध्यांचा विकार, किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्याला तर हा मार्ग मोकळा नाहीच.

पण याच तालुक्यांत टीकाकारांनाही विचार करायला लावणारी एक बाजू आहे. शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे डॉ. बानू कोयाजी यांच्या पुढाकाराने पुण्याच्या केईएम रुग्णालयाने ग्रामीण आरोग्याचे दीर्घकाळ चाललेले काम उभे केले, आणि त्याच रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवती स्त्रियांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. त्यात सुमारे दोन-तृतीयांश मातांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी आढळले. नैसर्गिकरीत्या हे जीवनसत्त्व केवळ प्राणिज अन्नातूनच मिळते, आणि ज्या मातांमध्ये ते कमी पण फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती, म्हणजे पुढील मधुमेहाची पूर्वखूण, अधिक दिसली. भाकरी, पातळ कालवण आणि कधीतरी मटण हा आहार वाटतो तितका परिपूर्ण नाही, आणि घरातील मटणाच्या पातेल्यातून बाईच्या वाट्याला काय येते, हा प्रश्न तर कोणी विचारतच नाही.

निव्वळ मांसाहार करणाऱ्याला टीका सोसायची असेल, तर तिचे हे धागे वेगळे करणे त्याला भाग आहे. रक्ततपासणी करून वैद्यकीय आक्षेपाला आकड्यांनी उत्तर देता येते, किंवा आकडे वाईट आले तर मुकाट्याने आहार बदलता येतो. माळकरी आजीच्या एकादशीला उत्तर देण्याचे काही कारण नाही. त्या दिवशी उकडलेली अंडी घराबाहेर खाल्ली तरी निभावते. आणि पंगतीत भाकरी नाकारताना आपला आहार किती श्रेष्ठ आहे याचे प्रवचन टाळले, तर अर्धी टीका उद्भवतच नाही. जूलिया मिन्सन आणि बेनोआ मोनिन यांनी २०१२ मध्ये अमेरिकेत केलेल्या अभ्यासात असे दिसले होते, की शाकाहारी लोक आपल्याला कमी लेखत असतील या नुसत्या शंकेनेच मांसाहारी लोक त्यांच्यावर चिडतात. येथे बाजू उलट्या आहेत, पण आपल्या ताटाबद्दल समोरच्याने काही मत बनवले आहे ही जाणीव तीच आहे.

जातीच्या टीकेचे मात्र असे सोपे उत्तर नाही, आणि ती या आहारात अनपेक्षित वाटेने परत येते. चरबीविना हा आहार चालत नाही आणि क जीवनसत्त्व, फोलेट, अ जीवनसत्त्व यांसाठी केवळ मांडीचे मटण पुरत नाही, हे कळले की अनुयायाला काळीज, वजडी, मुंडी, पाय, रक्ती आणि चरबीकडे वळावे लागते. शहरातील सुशिक्षित घरांनी नाक मुरडून खाटकाकडेच सोडून दिलेले हे भाग आजवर गरिबांच्या आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या घरांच्या चुलीवर शिजत आले. मराठवाड्यातील दलितांच्या अशा स्वयंपाकाची सविस्तर नोंद शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ मधील पुस्तकात केली आहे. तीच वजडी आता 'पोषक' म्हणून परदेशी आहारतज्ज्ञांच्या शिफारशीसह परत येत आहे आणि ती खाणारा उच्चवर्णीय तरुण धाडसी ठरतो, तर ज्यांच्या घरी ती पिढ्यान्पिढ्या शिजली, त्यांच्या मुलांना भाड्याची खोली शोधताना अजूनही 'घरी काय शिजते?' हे आधी सांगावे लागते.